कावेरीच्या डोहातील दोन मासे

स्नानाच्या वेळी म्हणावयाचा एक श्लोक माझ्या आजोबांनी मला मुंजीच्या आधीच शिकवला होता. तांब्याभर पाण्यात सात नद्यांना बोलावून घेणारा तो श्लोक वाचकांपैकी बहुतेकांना पाठ असेल. गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू आणि शेवटी कावेरी. या सात जणींत आमची कृष्णा नाही, ही गोष्ट माझ्या बालमनाला फार लागत असे. बेळगाव जिल्ह्यात वाढलेल्या मुलाच्या लेखी नदी म्हणजे कृष्णा आणि तिच्याकडे धावत जाणाऱ्या घटप्रभा, मलप्रभा, हिरण्यकेशी. सिंधू परदेशात गेली, सरस्वती गुप्त झाली, तरी त्यांना मान. आणि जिच्या पाण्यावर आमची पिके उभी राहतात, तिचे नाव नाही! आजोबा हसून म्हणत, "अरे, कृष्णा घरचीच. घरच्या माणसाला आमंत्रण लागत नाही." त्या उत्तराने माझे समाधान झाले नव्हते. कावेरीविषयी एक प्रकारची सवतीमत्सराची भावना मनात राहिलीच.

ही कावेरी मी प्रथम पाहिली ती १९९८ साली, वयाच्या तिशीत. माझे मेहुणे त्या वेळी बँकेच्या नोकरीनिमित्त कोडगूमधील कुशालनगरला होते. पावसाळा सरत आला होता. एके दिवशी ते मला नदीकाठी एका समारंभाला घेऊन गेले. एका संस्थेच्या वतीने नदीत माशांची पिल्ले सोडण्याचा तो कार्यक्रम होता. प्राणवायू भरून फुगवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत बोटाएवढी चंदेरी पिल्ले तडफडत होती. पाहुण्यांच्या हस्ते चार पिशव्या सोडून झाल्यावर कोणीतरी एक तांब्या भरून माझ्यापुढे धरला. शिक्षक म्हणून तेवढा मान मिळाला असावा. मी सहज विचारले, "हा मासा कोणता?" उत्तर मिळाले, "महासीर. मूळची पैदास तुमच्या मुलखातली, लोणावळ्याकडची."

लोणावळा म्हणजे इंद्रायणीचे उगमस्थान. इंद्रायणी भीमेला मिळते आणि भीमा कृष्णेला. म्हणजे माझ्या हातातल्या तांब्यात कृष्णामाईची नातवंडे होती. सात नद्यांच्या यादीत जिला जागा मिळाली नव्हती, तिची लेकरे आज माझ्या हातून कावेरीच्या ओटीत पडत होती! मी वाकून तांब्या पाण्यात ओतला. पिल्ले क्षणभर एकत्र थबकली आणि प्रवाहात दिसेनाशी झाली. पुढे कित्येक वर्षे वर्गात नद्यांचा धडा शिकवताना ही हकिकत मी मोठ्या अभिमानाने सांगत आलो.

गेल्या दिवाळीच्या सुटीत त्या अभिमानाचा हिशेब द्यावा लागला. तो कसा, हे सांगण्यासाठी हा लेख.

आमची कन्या म्हैसूरला एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. दिवाळीला आम्ही उभयता तिच्याकडे गेलो होतो. भाऊबीज झाल्यावर जावईबापूंनी गाडी काढली आणि आम्ही मळवळ्ळी, हलगूर या मार्गाने कावेरीच्या खालच्या अंगाला निघालो. उसाची आणि भाताची शेते संपतात आणि हलगूरच्या पुढे जंगल लागते. रस्ता वळणे घेत घेत उतरू लागतो. चिंचेची आणि बांबूची दाटी होते आणि एका वळणावर नदी एकदम खाली दिसते. कृष्णराजसागराचे धरण आणि शिवसमुद्रमचे धबधबे मागे टाकून आलेली ही कावेरी येथे डोंगरांच्या कुशीतून, खडकांना वळसे घालीत जाते. काठाला जुने अर्जुनसादडे उभे आहेत. त्यांची पांढरट खोडे पाण्यावर ओणवून अशी वाढली आहेत की जणू नदीत वाकून स्वतःचे रूप पाहत असावीत.

वाटेत मुत्तत्ती लागले. येथे मारुतीचे देऊळ आहे. स्थानिक कथा अशी की, सीतामाई येथे स्नान करीत असताना तिची मोत्याची नथ पाण्यात पडली. मारुतीरायांनी शेपटी नदीत सोडून सारा डोह ढवळला आणि नथ वर काढून दिली. ही कथा ऐकून आमच्या सौभाग्यवतींचा हात नकळत स्वतःच्या नाकाकडे गेला. ती नथ त्यांच्या आईची, आणि त्याआधी आजीची. कन्येने ते पाहिले व ती म्हणाली, "बाबा, ही नथ लक्षात ठेवा. संध्याकाळी तिचे काम पडणार आहे." तिचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

मुत्तत्तीहून थोड्या अंतरावर भीमेश्वरी आहे. या भागात पूर्वी गळाने महासीर धरण्याच्या छंदासाठी देशोदेशीचे लोक येऊन राहत. धरलेला मासा मारीत नसत. वजन करून, टिपून ठेवून, परत पाण्यात सोडीत. अभयारण्याच्या हद्दीतील हा छंद २०१२ च्या सुमारास कायद्याने थांबला. आता तेथे पक्षी पाहणारे व नदी पाहणारे येतात. आम्ही हरिगोलात बसलो. वेताची विणलेली, खालून मढवलेली ही गोल होडी म्हणजे एक मोठी टोपलीच. वल्ह्याच्या एका फटकाऱ्यासरशी ती गर्रकन फिरते. सौभाग्यवतींनी डोळे मिटून घेतले आणि मुत्तत्तीच्या मारुतीचा धावा सुरू केला.

नावाडी साठी उलटलेला होता. माझे बेळगावी वळणाचे कन्नड ऐकून त्याला हसू आले, आणि त्याचे म्हैसुरी कन्नड समजण्यासाठी मला कान टवकारावे लागले. मी शाळामास्तर आहे हे कळताच तो मला 'मेष्ट्रे' म्हणू लागला. तरुणपणी तो गळ टाकणाऱ्या पाहुण्यांबरोबर वाटाड्या म्हणून जात असे. नाचणीच्या पिठाचा गोळा शिजवून तो गळाला कसा लावायचा, कोणत्या खडकामागे मासा उभा असतो, हे सारे त्याने हातवारे करून दाखवले. मग त्याने एका डोहाकडे बोट केले. पाणी गढूळ, चहाच्या रंगाचे होते.

"येथे पूर्वी खरा मासा होता, मेष्ट्रे. पाठीवर कुबड, पर भगवे. माणसाएवढा. तो ओढू लागला की आमचा हरिगोल कोसभर खाली जाई. हल्ली जो मिळत असे तो नवा. निळ्या परांचा. अंगाने सडपातळ."

"म्हणजे एकाच माशाचे दोन रंग?" मी विचारले.

तो माझ्याकडे, मी काहीतरी पोरकट विचारले असावे, अशा दृष्टीने पाहू लागला. "एक कसा? तो आमचा. हा कोणीतरी आणून सोडलेला. माझ्या वडिलांनी हा निळा पाहिलेलाच नव्हता."

मी गप्प बसलो. कन्या माझ्याकडे पाहत होती. कुशालनगरचा तो तांब्या तिने लहानपणापासून शंभर वेळा ऐकला होता.

रात्री मुक्कामाच्या पडवीत बसून तिने मला जे सांगितले, ते मी माझ्या भाषेत, माझ्या समजुतीप्रमाणे वाचकांपुढे ठेवतो.

गोष्ट सुरू होते पुण्यात. कंपनी सरकारच्या काळात कर्नल विल्यम साइक्स नावाचा एक अधिकारी दख्खनची पाहणी करीत हिंडत होता. पिके, पाऊस, पशुपक्षी यांच्याप्रमाणेच त्याने येथील नद्यांतील मासेही टिपले आणि १८३९ साली त्यांची वर्णने लंडनच्या विद्वानांपुढे मांडली. पंतोजीला आवडेल अशी एक गोष्ट त्याने केली. लॅटिन नावे बनवताना त्याने आपल्या कोळ्यांच्या तोंडचे शब्द तसेच उचलले. कोळस, नुक्ता, शिंगाळा अशी अस्सल देशी नावे त्यामुळे जगाच्या शास्त्रग्रंथांत जाऊन बसली आहेत. पुण्याजवळच्या मुळा-मुठेत मिळालेल्या महासीराला त्याने 'खुद्री' म्हटले. कृष्णा खोऱ्यातील हा आपला महासीर, निळसर परांचा. त्याच दख्खनी संग्रहातील दुसऱ्या एका मोठ्या माशाला त्याने 'मुसुल्ला' असे नाव दिले.

पुढे घोटाळा झाला तो येथे. कावेरीतला कुबडवाला महासीर गोऱ्या शिकाऱ्यांच्या गळाला लागू लागला, त्याची कीर्ती साता समुद्रांपलीकडे गेली. १९४६ साली कबिनी नदीत म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातील एकाने १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा महासीर धरला. तो विक्रम आजही सांगितला जातो. परंतु एवढ्या प्रचंड आणि नामांकित प्राण्याला शास्त्रात स्वतःचे नावच नव्हते! कोणी त्याला खुद्रीच समजे, तर कोणी साइक्सच्या यादीतले 'मुसुल्ला' हे नाव त्याला चिकटवी. ते नाव मुळात वेगळ्याच कुळातील माशाचे आहे, हे २०१३ साली जुन्या वर्णनांची छाननी करून दाखवून देण्यात आले. तेव्हा उसने नावही गेले आणि कावेरीचा राजा निनावी राहिला.

मी म्हणालो, "पण कुबड तर दिसत होते ना? मग शास्त्रज्ञांना दोन मासे वेगळे ओळखता कसे आले नाहीत?"

कन्या म्हणाली, "बाबा, माशाचे रूप फसवे असते. पाण्याचा वेग, खाद्य, वय यांनी एकाच जातीच्या माशाचे अंग बदलते. महासीराचे ओठ कुठे जाड होतात, कुठे बारीक राहतात. शिवाय कुबड हे मोठ्या माशाला येते, पिल्लाला नसते. दोन्ही जातींची पिल्ले शेजारी ठेवली तर तुम्ही-आम्ही ओळखू शकणार नाही. मग कुबड हे जातीचे लक्षण की केवळ वयाचे आणि खाण्यापिण्याचे, हे ठरवायचे कसे?"

ते ठरवले आनुवंशशास्त्राने. त्याची रीत समजावून सांगताना तिने काही आकृत्या काढल्या, पण मला ती खरी उमगली ती माझ्या जुन्या विषयामुळे. मी मराठीचा विद्यार्थी. एम. ए. ला असताना आम्हांला पाठचिकित्सा शिकवीत. छापखाना नव्हता तेव्हा पोथ्या हाताने नकलून घेत. लेखनिकाच्या हातून एखादे अक्षर चुके. त्या पोथीवरून पुढे ज्या नकला होत, त्यांत तीच चूक उतरे आणि तिच्यात आणखी एखादी नवी भर पडे. म्हणून दोन पोथ्यांत एकाच जागी एकच विशिष्ट चूक आढळली तर त्या एका घराण्याच्या, हे अभ्यासकाला कळते. एकनाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा त्यांच्यापुढेही असेच पाठभेदांचे जंगल उभे असणार.

प्राण्यांच्या पेशीतही अशीच एक पोथी आहे. तिला डीएनए म्हणतात. तिची लिपी अवघ्या चार अक्षरांची. प्रत्येक पिढीत ती नकलली जाते आणि क्वचित एखादे अक्षर बदलते. दोन समूह हजारो पिढ्या एकमेकांपासून दूर राहिले, की प्रत्येकाच्या पोथीत वेगवेगळे बदल साठत जातात. बाहेरचे बासन सारखे दिसले तरी आतले पाठ निराळे होतात. यांपैकी एक छोटी पोथी पेशीच्या केंद्राबाहेर, माइटोकॉन्ड्रिया नावाच्या घटकात असते. ती फक्त आईकडून येते. मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही ती आईची मिळते. पुढच्या पिढीला मात्र ती मुलगीच देते.

"आता नथ आठवा," कन्या म्हणाली. पणजीची नथ आजीला, आजीची आईला, आईची लेकीला. दागिन्यावरून जसे आजोळ ओळखावे, तसे या छोट्या पोथीवरून माशाचे मातृकुळ ओळखता येते. २००३ साली कॅनडातील पॉल हेबर्ट या शास्त्रज्ञाने असे सुचवले की, या पोथीतील एकाच ठरावीक जागेची सुमारे ६५० अक्षरे प्रत्येक प्राण्याची वाचून ठेवावीत, म्हणजे दुकानातील वस्तूंवरच्या पट्ट्यांप्रमाणे त्यांवरून प्राणी ओळखता येतील. त्यासाठी मासा मारावा लागत नाही. पराचा नखाएवढा तुकडा पुरतो. मासा परत पाण्यात जातो.

२०१८ साली इंग्लंडचे एड्रियन पिंडर, केरळचे राजीव राघवन, पुण्याच्या आयसर संस्थेत त्या काळी असलेले नीलेश डहाणूकर आणि त्यांचे सहकारी यांनी कावेरीच्या कुबडवाल्याचे कोडे याच मार्गाने सोडवले. निलगिरीच्या पायथ्याशी, मुदुमलाई आणि बंडीपूर या अरण्यांमधून मोयार नावाची नदी वाहते. ती भवानीला मिळून पुढे कावेरीत येते. तिच्या दुर्गम घळीत भगव्या परांचे कुबडवाले मासे अजून उरले होते. त्यांची पोथी वाचली, तेव्हा ती खुद्रीच्या पोथीशी जुळली नाही. ती जुळली भलतीकडेच! केरळातील चिन्नार अरण्यात पांबार नावाची कावेरीच्याच खोऱ्यातील एक छोटी नदी आहे. तेथील लहान, कुबड नसलेल्या महासीरांचे वर्णन दोन केरळी शास्त्रज्ञांनी २०११ मध्येच केले होते आणि मत्स्यशास्त्रज्ञ रेमादेवी यांच्या सन्मानार्थ त्यांना 'टॉर रेमादेवीआय' असे नाव दिले होते. ते लहानसे मासे म्हणजे या राजाचीच पोरे होती. नाव ठेवलेले होते, मात्र ते कोणाचे हे कोणाला ठाऊक नव्हते. (स्त्रीच्या नावाला लॅटिनमध्ये वेगळा प्रत्यय लागतो, हा व्याकरणाचा दोष तेथे राहून गेला आहे. पण पंतोजीने सगळीकडे लाल शाई काढू नये.)

बारशाला आणि आजारपणाच्या निदानाला एकच मुहूर्त लागला. ज्या २०१८ साली हे कोडे सुटले, त्याच साली जागतिक निसर्गसंरक्षण संघाच्या यादीत या माशाची नोंद 'अतिसंकटग्रस्त' अशी झाली. वाघाचे नाव आपण रोज ऐकतो, पण पन्नास किलोंपर्यंत वाढणारा हा जलचर असा काठावर येऊन ठेपला आहे, याची वार्ता नदीकाठच्या गावांतही फारशी नाही.

तो असा का झाला? कारणे पुष्कळ आहेत. पावसाळ्यात महासीर प्रवाहाविरुद्ध चढून स्वच्छ, खडकाळ ओढ्यांत अंडी घालायला जातो. धरणांनी ती वाट अडवली. सुरुंग लावून मासे मारण्याची दुष्ट चाल काही ठिकाणी पडली. वाळू उपसली, उन्हाळ्यात पाणी आटले. या साऱ्यांत आणखी एका कारणाची भर पडली आणि ते सांगताना कन्येचा आवाज थोडा खाली आला.

लोणावळ्याजवळ एका वीज कंपनीची जुनी धरणे आहेत. तेथे १९७० च्या दशकात आपल्या मराठी मत्स्यशास्त्रज्ञांनी खुद्री महासीराची कृत्रिम पैदास करण्यात यश मिळवले. त्या काळी महासीर सगळीकडेच कमी होत होता, त्यामुळे हे काम मोठ्या कौतुकाचे होते आणि आजही त्यातील कष्ट व कसब कमी लेखता येणार नाही. तेथून निरनिराळ्या प्रांतांत पिल्ले गेली. महासीर तो महासीर, मग तो कृष्णेचा काय अन् कावेरीचा काय, अशीच त्या काळची समजूत होती. कावेरीतही ती सोडण्यात आली. सरकार, छंदिष्ट मंडळी, नदीवर प्रेम करणारे लोक, सर्वांनी शुद्ध मनाने हे केले. खुद्री तेथे रुजला आणि फोफावला.

गळाच्या छंदापायी ठेवलेल्या नोंदवह्या येथे साक्षीला आल्या. १९९८ ते २०१२ या काळात पाहुण्यांनी तेवीस हजारांवर तास गळ टाकून सहा हजारांवर महासीर धरले व सोडले होते. त्या वह्या तपासल्या तेव्हा वरवर पाहता चित्र आनंदाचे दिसले. माशांची संख्या वाढत होती. पण वाढत होता तो निळ्या परांचा. त्याच पानांत कुबडवाला वर्षागणिक विरळ होत गेला होता. दोहोंना एकाच नावाखाली मोजले असते, तर 'महासीर सुरक्षित आहे' असा अहवाल झाला असता आणि कावेरीचा स्वतःचा मासा त्या बेरजेत मुकाट्याने बुडाला असता.

नोंदींचे पहिले वर्ष १९९८. माझ्या तांब्याचे वर्षही तेच.

पडवीत बराच वेळ कोणी बोलले नाही. नदीचा आवाज तेवढा येत होता. मी हिशेब करू लागलो. माझ्या तांब्यात असतील पंचवीस-तीस पिल्ले. त्यांतली किती जगली असतील? कुशालनगरपासून भीमेश्वरीपर्यंत मध्ये केवढे धरण! माझ्या तांब्याने कावेरी बिघडली असे म्हणणे हाही एक अहंकारच. तरीही मनाला ते पटेना. मला आठवत होता तो त्या क्षणीचा आनंद. नदीचे भले होत आहे याचा तो आनंद नव्हताच. माझ्या नदीचा मासा दुसरीच्या नदीत गेला, याचा तो होता. त्या नदीत आधीपासून कोण राहते, हा प्रश्न मला सुचलाही नाही. आणि प्रश्न विचारायला शिकवणे हाच तर माझा व्यवसाय!

आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या नांदणाऱ्या कुटुंबांना या गोष्टीत एक निराळा अर्थ दिसण्याचा संभव आहे. तंजावरला गेलेले मराठे कावेरीचे पाणी पिऊन तमिळ बोलू लागले, तेथल्या संगीताचे आणि विद्येचे आश्रयदाते झाले. माणूस नव्या मुलखात जातो तेव्हा शेजाऱ्याची भाषा शिकतो, त्याच्या सणाला जातो, दोन घास कमी खाऊन नाते जोडतो. माशाला यातले काही येत नाही. त्याला डोहातली जागा आणि डोहातले अन्न एवढेच कळते. त्यात त्याचा दोष नाही. दोष असलाच तर त्याला उचलून नेणाऱ्या हाताचा. तेव्हा माशाचे उदाहरण माणसाला कोणी लावू नये. मात्र माणसाचा शहाणपणा माशाच्या बाबतीत वापरावा.

या शहाणपणाचा पहिला धडा आमच्या जिल्ह्यातच आहे, पण तो मला इतकी वर्षे दिसला नव्हता. खानापूर तालुक्यात सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस पडतो. कणकुंबीजवळ मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेकडे जाते. त्याच तालुक्यात म्हादई उगम पावते आणि पश्चिमेला गोव्यातून अरबी समुद्राला मिळते. माणूस एका दिवसात दोन्ही नद्यांचे पाणी पिऊन येईल. मलप्रभेतल्या माशाला मात्र म्हादईत जायला वाट नाही, कारण मध्ये डोंगराचा एक उंबरठा आहे आणि समुद्राचे खारे पाणी त्याला मानवत नाही. लक्षावधी वर्षे हा उंबरठा न ओलांडता दोन्हीकडचे मासे आपापली पोथी नकलत बसले आहेत. प्रत्येक नदी म्हणजे जणू एक मठ, आणि प्रत्येक मठाची प्रत निराळी.

म्हणूनच आनुवंशशास्त्राने पोथ्या उघडायला सुरुवात केल्यापासून दक्षिणेच्या नद्यांत एकासारखे दुसरे दिसणारे मासे वेगळे निघू लागले आहेत. केरळात लाल-काळ्या रेघेचा एक देखणा मासा काचेच्या पेट्यांसाठी पकडून देशोदेशी विकला जातो. त्याच्या कुळाला २०१३ साली शास्त्रज्ञांनी 'सह्याद्रिया' असे नाव दिले, हे ऐकून मला संतोष वाटला. निरनिराळ्या नद्यांतील याच माशांची पोथी तपासली, तेव्हा एका नावाखाली अनेक निराळे वंश नांदत असल्याचे आढळले. एका नदीतला मासा संपला, तरी दुसऱ्या नदीतून आणून भरपाई करता येईल, हा हिशेब त्यामुळे चुकीचा ठरतो.

वाचकांनी यातून काय घ्यावे? फार मोठे काही करण्याची आवश्यकता नाही. मुलांच्या हौसेची काचेची पेटी नकोशी झाली की त्यातले मासे गावच्या तलावात किंवा नदीत सोडण्याची पद्धत आपल्याकडे आहे. त्यामागे भूतदया असते, पुण्याची भावना असते. ती दया दुसऱ्या पेटीवाल्याच्या स्वाधीन करावी, नदीच्या नव्हे. गावात मासे सोडण्याचा समारंभ असेल तर पिल्ले कोणत्या खोऱ्यातली आहेत हे विचारावे. उत्तर मिळाले नाही, तर हारतुरे घेऊन परत यावे. आणि आपल्या भागातील जुन्या कोळ्यांना, नावाड्यांना माशांची नावे विचारून ती टिपून ठेवावीत. साइक्सने तेच केले होते. भीमेश्वरीच्या नावाड्याला दोन मासे वेगळे आहेत हे ठाऊक होते. प्रयोगशाळेने त्याच्या बोलण्यावर शिक्कामोर्तब केले इतकेच.

सकाळी निघण्यापूर्वी मी पुन्हा काठावर गेलो. नावाडी हरिगोल पालथा घालून त्याची डागडुजी करीत होता. मी त्याला म्हणालो, "तो नवा मासा ज्यांनी सोडला, त्यांत मीही एक आहे." माझी कहाणी त्याने शांतपणे ऐकून घेतली. मग कमरेच्या पिशवीतून नाचणीचा एक वाळका गोळा काढून माझ्या हातावर ठेवला. "टाका, मेष्ट्रे." मी तो डोहात टाकला. पाण्याखाली काहीतरी वळले. एक रुंद भोवरा उठला आणि विरून गेला. गढूळ पाण्यात पर भगवे की निळे, ते दिसले नाही. मी नावाड्याकडे पाहिले. त्याने नुसती मान हलवली.

सुटी संपून शाळा सुरू झाली. सातवीच्या वर्गात नद्यांचा धडा आला आणि मी तांब्याची गोष्ट पुन्हा सांगितली, या वेळी शेवटपर्यंत. सांगून झाल्यावर पहिल्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, मग त्या दिवशी तुम्ही काय विचारायला हवे होते?" तिथे 'हा मासा कोणता?' एवढेच विचारून मी थांबलो होतो. मी खडू घेतला आणि फळ्यावर लिहिले, 'हा मासा कोणत्या नदीचा?'

त्याच्या खाली मुलांनी आपापल्या गावच्या ओढ्यांची नावे आणि त्यांत मिळणाऱ्या माशांची नावे लिहायला सुरुवात केली आहे. आतापर्यंत एकोणीस नावे झाली. त्यांतली सहा मला ठाऊक नव्हती.